एकाच रेघेनं खोडायचं

बाबा, आज रविवार आहे आणि मी कॅरी गावातल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या जुन्या टेबलाशी बसले आहे. आई समोर मेथी निवडते आहे. मगाशी तिने विचारलं, "कुणाला लिहितेस गं एवढं?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे. "ऑफिसचं मराठीत?" एवढंच म्हणून तिने पुढची जुडी ओढली. तर सुरुवातीलाच ही एक दुरुस्ती: ऑफिसचं नाही. तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आता लिहिते आहे कारण मार्चपासून एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती ज्यांना दोन वाक्यांत कळली असती असे तुम्ही एकटेच होता.

हे टेबल माझी पहिली शाळा. मी घराबाहेर कुणाशी बोलतच नव्हते. किंडरगार्टनच्या बाईंनी महिनाभर वाट पाहिली आणि मग तुम्हा दोघांना बोलावून घेतलं. तुमची औषधांच्या फॅक्टरीतली पाळी दुपारनंतरची, आई सकाळी कामाला जायची. म्हणून ठरलं की काही वर्षं तुम्हीच मला घरी शिकवायचं. तुमचं काम क्वालिटीचं होतं. लॅबमधल्या लोकांनी जे वहीत लिहिलं ते खरंच केलं का, हे तुम्ही पाळीवर तपासायचात, आणि सकाळी तेच नियम माझ्या बेरजांना लावायचात. नव्या पेन्सिली आणल्या की त्यांची मागची गुलाबी रबरं तुम्ही भाजीच्या सुरीने कापून टाकायचात. खोडरबर नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते, मग का चुकलं ते, मग सही आणि तारीख. सहा वर्षांची मी सह्या करत होते. त्या वह्या आईने ठेवल्या आहेत. चुकण्याची कारणं वाचून आजही हसू येतं: "विसरले." "घाई केली." एका ठिकाणी, "खार बघत होते."

आणि तो थर्मामीटर. खिडकीबाहेर एक थर्मामीटर लावला होता. रोज सकाळी नऊला बाहेर जाऊन तो वाचायचा आणि तक्त्यात आकडा लिहायचा, हे माझं काम. एका थंड सकाळी मी बाहेर गेलेच नाही. आदल्या दिवशीच्या आकड्यातून दोन वजा केले आणि लिहून टाकलं. तुम्ही तक्ता पाहिलात, शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढलात आणि माझ्या पुढ्यात ठेवलात. त्याचा स्क्रू ढिला झाला होता म्हणून आदल्या संध्याकाळीच तुम्ही तो काढून ठेवला होता. मी रडायला लागले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "चुकलं तर चालतं गं. त्याला रेघ मारता येते. न बघता लिहिलेल्याला रेघ कुठे मारणार? ते तर बरोबरच दिसतं."

मी आता काय करते ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. मी नर्स झाले, मग पुढे शिकून नर्स प्रॅक्टिशनर: रोग्याला तपासते, निदान करते, औषध लिहून देते. इथून पूर्वेला दोन तासांवर, रताळ्यांच्या आणि तंबाखूच्या शेतांमध्ये एक लहान क्लिनिक आहे. तिथे सगळ्या वयाचे लोक येतात, तान्ह्या मुलांपासून नव्वदीच्या आज्यांपर्यंत. डॉक्टर आहेत, पण ते दुसऱ्या गावात; अडलं की फोन करायचा. रोज तिथे मी आणि माझी मदतनीस, एवढ्याच. ती तिथलीच, माझ्या दुप्पट वयाची. वजन-ब्लडप्रेशर घेते आणि कोण कुणाचा मेहुणा ते मला सांगते. मी प्रत्येक दार बंद झालं का ते दोनदा बघते म्हणून ती मला हसते. "कुलूप तुझ्यापेक्षा म्हातारं आहे," म्हणते, "त्याला त्याचं काम येतं."

तिथे एक आजोबा येतात. ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, अजूनही करतात. बऱ्याच वर्षांचा डायबिटीस. मला डॉक्टर म्हणतात, आणि मी दर वेळी सांगते की मी डॉक्टर नाही. "तुम्ही इथे आहात ना?" ते म्हणतात. "मग तुम्हीच डॉक्टर." डिसेंबरात ते आले तेव्हा पाय तपासायचे होते. अशा रोग्यांच्या पायांची संवेदना हळूहळू जाते, काही टोचलं तरी कळत नाही, म्हणून बूट-मोजे काढून तळवे बघायचे असतात. मी बूट काढायला सांगितलं. ते घोट्याच्या वरपर्यंत लेसचे, कामाचे बूट. "डॉक्टर, हे परत घालायला मला अर्धा तास लागतो," ते म्हणाले. "पुढच्या वेळी." मी हसून बरं म्हटलं. बाहेर सहा माणसं बसली होती. मग मी कॉम्प्युटरकडे वळले. तिथे एक बटण आहे. ते दाबलं की सगळी तपासणी नॉर्मल म्हणून भरून येते, डोकं, छाती, पोट, पाय, आणि जे वेगळं असेल तेवढंच आपण बदलायचं. मी ते दाबलं आणि खाली सही केली.

मार्चमध्ये त्यांची बायको त्यांना दंडाला धरून घेऊन आली. मोज्याला डाग पडत होते आणि वास येत होता. बुटाच्या आत एक लहानसा लोखंडी वॉशर मिळाला, ट्रॅक्टरच्या कामातला, कधी पडला कोण जाणे. अंगठ्याखाली जखम, आत हाडापर्यंत. मी डॉक्टरांना फोन केला, मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची व्यवस्था केली, आणि मग कॉम्प्युटरवर डिसेंबरची नोंद उघडली. तिथे माझ्या सहीनिशी स्वच्छ लिहिलं होतं: दोन्ही पाय तपासले, त्वचा अखंड, संवेदना ठीक. बाबा, ते बरोबरच दिसत होतं.

मदतनीसने माझा चेहरा पाहिला आणि दार लोटून घेतलं. मी तिला सांगितलं. तिने स्क्रीनवरची तारीख वाचली. मग म्हणाली, "हे बघ पोरी, ती जखम गेल्या आठवड्यातली असेल. डिसेंबरात पाय चांगलाच असेल. हे कुणी विचारणारसुद्धा नाही." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो पाय डिसेंबरात कदाचित चांगलाच होता. मला ते माहीत नाही, आणि माहीत नाही हाच तर सगळा प्रश्न होता. मला भीती होती परवान्याची, नोकरीची, आणि त्याहून जास्त म्हणजे ते आजोबा माझ्याकडे कसं बघतील त्याची.

हॉस्पिटलची गाडी यायला वेळ होता. मी आत जाऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि सांगितलं की डिसेंबरात मी तुमचे पाय बघितले नव्हते.

"बूट मीच काढले नाहीत," ते म्हणाले.

"पण मी बघितले असं लिहिलं."

आधीच्या वाक्याला त्यांनी हात उडवला होता. या वाक्यावर ते थांबले. बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लिहिलं?"

"हो."

"मग बाकी जे लिहिलंय," ते म्हणाले, "छातीचं, पोटाचं, ते?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं की छाती ऐकली होती, पोट तपासलं होतं. सांगताना मला कळत होतं की आता हे माझ्या तोंडून ऐकून उपयोग नाही. बायको म्हणाली, "गाडी आली." माझ्याशी ती बोलली नाही, अजूनही फारशी बोलत नाही.

मग मी डॉक्टरांना कळवलं आणि दुरुस्ती लिहिली. आमच्या कॉम्प्युटरात जुनं पुसता येत नाही. ते तसंच राहतं आणि खाली आपली ओळ जोडावी लागते, वेळ आणि सहीसकट. म्हणजे तुमचीच रेघ. मी लिहिलं की त्या दिवशी पाय तपासले नव्हते, वरची नोंद चुकीची आहे. चौकशी झाली, मला ताकीद मिळाली आणि ते बटण माझ्या स्क्रीनवरून काढून टाकायला मी सांगितलं. आजोबांच्या पायाची दोन बोटं गेली. पाय वाचला. मला वाटलं होतं की ते आता दुसरीकडे जातील. तिथे दुसरं क्लिनिक पन्नास मैलांवर आहे म्हणून असेल, ते येतात. येतात आणि बाहेरच्या खोलीतच बूट-मोजे काढून बसतात, सगळ्यांसमोर, उघडे पाय पुढे करून. "आधी बघा, मग लिहा," म्हणतात. मदतनीस हसते. मी खाली वाकून बघते. अजून ते मला डॉक्टर म्हणतात, पण पूर्वीसारखं चेष्टेने नाही, जरा जपून.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मी दुपारी ड्रॉवरमधून तुमची शेवटची वही काढली. हृदय कमजोर झाल्यावर रोज सकाळी वजन करून त्यात लिहायचं होतं. एका दिवसात तीन पौंड वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच फोन करायचा. कॉलेजच्या त्या सुट्टीत आणि पुढे परीक्षांच्या आठवड्यात हे काम माझं होतं. सगळे आकडे माझ्याच अक्षरातले. त्यातला एक, तुम्ही जाण्याच्या आठ दिवस आधीचा, मी वजन न करता लिहिला आहे. तुम्हाला खुर्चीत डोळा लागला होता. मी आदल्या दिवशीचाच आकडा पुन्हा लिहिला, दप्तर उचललं आणि गेले. आईला मी पुढे एकदा एवढंच म्हटलं होतं की त्या आठवड्यात परीक्षांमुळे माझं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "तू काय डॉक्टर होतीस?" आणि मला जवळ घेतलं.

आता त्या आकड्यावर एक रेघ मारली आहे, निळ्या पेनने. खालचं वाचता येतं. बरोबर काय, ती जागा रिकामी ठेवली, कारण ते आता कुणालाच कळणार नाही. सही केली, आजची तारीख घातली. कारणाच्या जागी "घाई केली" असं लिहिणार होते, लहानपणीसारखं, आणि पेन थांबलं. पाय सुजून तुमचे मोजे घोट्यात रुतले होते, ते मला उभ्या जागेवरून दिसत होतं. काट्यावर उभं केलं असतं तर आकडा वाढलेला निघाला असता, फोन करावा लागला असता, ते तुम्हाला हॉस्पिटलात घेऊन गेले असते. तो आकडा मला बघायचा नव्हता.

आई विचारते आहे, झालं का ऑफिसचं. हे कागद मी या वहीतच ठेवणार आहे. वही परत ड्रॉवरमध्ये जाईल. त्या दिवशी परीक्षा अकराला होती, बाबा. वेळ होता.