गाडी निघाली आहे

४ जून
नवी नोकरी, नवं गाव! बाबाही सोबत आलेत. सामान कमी लावतात, सूचनाच जास्त देतात. ऑफिसच्या खिडकीतून रुग्णवाहिकांचं आवार दिसतं. लोकांनी मोबाइलवरून गाडी मागवायची, पायथनमध्ये लिहिलेल्या माझ्या ॲपने ती चालकाला कळवायची. ॲप मात्र उघड्यावर ठेवायचं नाही. त्याच्या पुढे प्रॉक्सी सर्व्हर: मागणी तो आत पोचवतो, आतलं उत्तर बाहेर नेऊन देतो. बाबा म्हणाले, म्हणजे तुझा दारवानच की. साहेबांपेक्षा त्यांना लवकर कळलं.

९ जून
ॲप चढवलं, पहिल्या झटक्यात चाललं. सगळ्यांत जुने चालक, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी पाठ थोपटली.

११ जून
एका बाईंनी फोन करून आभार मानले. गाडी लगेच आली, नवऱ्याला घेऊन गेली. आता ते कुठल्या दवाखान्यात आहेत तेवढं सांगा म्हणाल्या.
त्यांची मागणी ॲपपर्यंत आलीच नव्हती. आमच्या सगळ्या गाड्या सकाळपासून आवारात उभ्या होत्या.

१२ जून
आणखी दोन घरांतली माणसं बेपत्ता. दोन्हीकडे एकच उत्तर गेलेलं: "गाडी निघाली आहे." हे वाक्य मी लिहिलेलं नाही. प्रॉक्सीची मांडणी ओळ न् ओळ तपासली. चूक नाही. साहेब म्हणाले, उगाच बोभाटा करू नकोस.

१३ जून
ॲप बंद केलं. आता प्रॉक्सीने नुसती ५०२ची, म्हणजे 'आतून उत्तर नाही' अशी चूक दाखवायला हवी. स्वतः मागणी टाकून पाहिली.
"गाडी निघाली आहे."
आणि पत्ता मी सवयीने घरचा टाकला होता. घरी बाबा एकटे—
मी धावत घरी आले. बाबा आहेत. गाडी आली होती म्हणाले. इथे कुणी आजारी नाही असं सांगितलं, तर आतला माणूस म्हणाला, थांबतो.

१४ जून
मामांनी सर्व्हर उपटून बाहेर काढला. तरी लोकांना उत्तरं जातायत. कोण देतंय? कुठून?

१५ जून
गाडी आमच्या घराखाली उभी. फाटकात आडवी. सोबतीला आलेले मामा आतल्या माणसाशी बोलायला गेले, आत वाकले—
गाडी तिथेच आहे. मामा नाहीत.

बाबांच्या छातीत कळ. घामाने भिजलेत. कुणालाच फोन लागत नाही. दुसरी गाडी आली तरी आत येणार कुठून? बाबा म्हणतात, जाऊ दे पोरी मला, निदान दवाखाना तरी— नाही. हात सोडणार नाही.
जिन्यात पावलं. स्ट्रेचर घासतंय.
बाबा, ओ देऊ नका. बाबा, त्यांना हाक—