श्रावण मासळीला, सिगरेटीला नाही

श्रावणी सोमवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय माझं. गेल्या वर्षी ह्यांच्या हार्टला स्प्रिंग बसवली. फुप्फुसंपण खराब झालीत, सिगरेट सोडा, असं डॉक्टर बोलले. आज बाजारातून येताना धाप लागून रस्त्यातच उभे राहिले, आणि शर्टाला सिगरेटीचा वास.

मी झापलं तर बोलतात, "श्रावण पाळतोय ना गो मी? मासळीला शिवलो काय?"

बांगडा सोडून छाती साफ होते काय? मी विचारलं, "सिगरेटीचा श्रावण कधी पाळणार?"

"गणपती झाले की सोडतो."

"आणि गणपती वर आणणार कोण?"

दरवर्षी मूर्ती हेच आणतात, तीन मजले चढून. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.