जाड्याची रेघ

३ जानेवारी, शनिवार
आजही दादाच्या हातासारखी रेघ आली नाही. पान फाडलं. दिवसभर पर्वत पाटियाच्या ऑफिसात साडीच्या डिझाइनमधल्या कोयऱ्या, आणि तिथून बमरोलीला दादाच्या घरी येऊन नावाड्याच्या मिशा. डोळ्यांचं पार भरीत झालंय.
पुण्याहून प्रकाशकांचा फोन. पानं महिनाअखेर हवीत. दादाच्या नावाड्याच्या चित्रकथेची शेवटची चार पानं राहिलीत आणि दिवाळीपासून त्याचा उजवा हात लुळा. म्हणजे मीच. बहिणीशिवाय आहे कोण?
तो खुर्चीत बसून नुसता बघतो. हे पुस्तक अडलं तर हा माणूस परत कागदाकडे बघायचा नाही, याची मला धास्ती आहे.

६ जानेवारी, मंगळवार
वहिनीने माळ्यावरून जुनी कॉमिक्स काढून दिली. लहानपणी अमळनेर स्टेशनवरून आणलेली. चित्रकाराचं नाव कुठेच छापलेलं नसायचं, म्हणून आम्हीच दोघांना नावं दिली होती. जाड्या आणि ठिपक्या.
जाड्याचा ब्रश. एका दमात रेघ, पोटात जाड, टोकाला केसाएवढी. रात्र दाखवायची तर सरळ काळं ओततो आणि चेहऱ्याची एक कड पांढरी सोडतो. बोटं मोजून काढत नाही, तरी मूठ आवळलेली कळते.
ठिपक्याचा टाक. त्याची रात्र म्हणजे ठिपके, ठिपके आणि ठिपके. सदऱ्याचं बटणसुद्धा सोडत नाही. माणसं जरा लाकडी. पण भांडी, दोऱ्या, कौलं... बघत राहावं.
दादा जाड्याचा, मी ठिपक्याची. यावरून भांडून आम्ही जेवणं टाकलेली आहेत. आता चाळिशी उलटल्यावर मला जाड्या व्हायचंय!

९ जानेवारी, शुक्रवार
दोन पानं झाली, रडतखडत. चूक कुठे होते ते कळलं. मी मनगटातून रेघ काढते, दादा खांद्यापासून ओढायचा. कळून उपयोग काय, खांदा ऐकत नाही.
त्याला दाखवली. शब्द शोधत म्हणाला, "हाऊ मन्हा हात नही."
माहीत आहे रे मला, तुझा नाही ते! रागाने रडूच आलं. वहिनी साडीला लेस लावत होती. मान वर न करता म्हणाली, "बठ ताई, चहा पी ले." प्यायले.

११ जानेवारी, रविवार
तिसरं पान. पैलतीरावरच्या बाजाराची एकच मोठी चौकट. ब्रश गेला खड्ड्यात, टाक घेतला. छत्र्या, टोपल्या, कोंबड्या. एक कोपरा रिकामा नाही. ऑफिसात शेठ रोज बजावतात, "बेन, जग्या खाली ना राखशो." रिकामी जागा नाही राखली. खूप दिवसांनी हात मोकळा चालला.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांतीची, म्हणजे इथल्या उत्तरायणची सुट्टी. सगळ्या गच्च्यांवर स्पीकर, डोकं उठलं.
दादाला तिसरं पान दिलं. खूप वेळ बघितलं. मग वहिनीला खुणेने एक कड धरायला लावली आणि डाव्या हाताने कागदाची गुंडाळी केली. दोन्ही कडा एकमेकींना भिडवल्या. डावीकडे कापलेली अर्धी छत्री उजवीकडच्या अर्ध्या छत्रीला बरोब्बर जुळली! टोपली टोपलीला, कोंबडीचं शेपूट कोंबडीला.
साडीचा रिपीट, तीच नक्षी कापडभर पुन्हा पुन्हा. कडा जुळल्या नाहीत तर कापडावर जोड दिसतो, म्हणून इतकी वर्षं जुळवत आले. इथेही हाताने आपोआप जुळवून टाकल्या. मला पत्ताच नाही.
"सुमे, साडी शे का हाई?"
आणि हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली.
पान बदलू का विचारलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाला.

१७ जानेवारी, शनिवार
शेवटचं पान. नावाडी रिकामी नाव घेऊन परत निघतो. सगळ्या चौकटी झाल्या, एक सोडून. तिच्यात फक्त नदी आणि लांब गेलेली नाव. टाक बुडवला, लाटा सुरू करणार, तेवढ्यात दादाने कागदावर डावा हात ठेवला.
"रिकामं ऱ्हाऊ दे."
जाड्या पाणी काढायचाच नाही, हे खरं. नावेखाली काळ्याचा एक फटकारा, बाकी कोरा कागद, तरी पाणी दिसायचं. पण तो फटकारा तर हवा ना!
"मग नाव कोण काढी?" मी विचारलं.
तो डाव्या हाताची बोटं उघडमीट करत बसला.

१८ जानेवारी, रविवार
प्रकाशकांना सांगितलं, एक चौकट बाकी आहे. "एकच ना? मग उरका ताई." उरका म्हणे.
चौकट कोरीच ठेवायचीय त्याला? का स्वतःसाठी राखून ठेवलीय? का नुसता थकलाय, माझ्यासारखा? विचारायचा धीर झाला नाही. नाही म्हणाला तर...
डाव्या हाताची रेघ जाड्याचीही येणार नाही, ठिपक्याचीही नाही. कशी येईल कोण जाणे. मला बघायचीय.
निघताना ब्रश त्याच्या डाव्या बाजूला ठेवला. शाईच्या बाटलीचं झाकण त्याला एका हाताने उघडत नाही. ते सैल करून आले.