जागा वाढवण्याबाबत

मी अजून मेलेली नाही, आणि मंगळवारी माझ्या कारखान्याची मापं घ्यायला माणूस येऊन गेला. कोणी पाठवला ते पाठवणाऱ्याला माहीत आहे. त्याने टेप भिंतीला लावली, माझ्या खाटेला वळसा घालून पलीकडे नेली, जणू खाटेवर गाठोडंच ठेवलंय. मी डोळे मिटून पडले होते. "आजी जागी आहे का?" त्याने विचारलं. थोरला म्हणाला, "नाही, तुम्ही जागा बघून घ्या." जागी होते मी. सगळं ऐकलं.

आता सगळ्यांना नमस्कार.

मी, वेताच्या खुर्च्या विणणारी, वय एकोणऐंशी, शिक्षण तिसरी, तीही पुरी नाही, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. वकिलांनी शुद्धलेखन सुधारलं आहे, शब्द बदललेले नाहीत. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला सात आठे किती विचारलं. मी त्यांना विचारलं, सहा फेऱ्यांच्या विणीत पहिली फेरी उभी की आडवी. त्यांना आलं नाही, तरी दाखला मलाच घ्यावा लागला. हे लिहिताना कोणाचा दबाव नाही, कोणाचं आमिष नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या नावाचं एखादं निघालंच तर ते मी लिहिलेलं नाही असं समजून फाडून टाकावं.

वकील म्हणाले कलमांना आकडे घाला, म्हणून घालते.

१. वरचे दोन मजले. पहिला थोरल्याचा, दुसरा मधल्याचा. ते आणि माझ्या दोन्ही सुना आज राहतात तसेच राहोत. जिन्यातला दिवा कोणी बदलायचा हे भांडण मी कोणालाही ठेवत नाही, ते त्यांचं त्यांनीच तयार केलेलं आहे.

२. बँकेत आहे ते तिन्ही मुलांना सारखं. यावर एक वाक्यही जास्त नाही.

३. हत्यारं. टोचा, पाचर, दोन्ही कात्र्या आणि वेत भिजवायचा टब धाकटीला, म्हणजे माझ्या मुलीला. दुसऱ्या कोणाला टोचा धरता येत नाही. मधल्याने एकदा धरला होता, तर तळहाताला टाके पडले.

४. खुंट्यांचा डबा. याचं नीट सांगावं लागेल, कारण सगळं यातूनच सुरू झालं.

वेत विणताना तो भोकातून निसटू नये म्हणून लाकडी खुंटी मारतात. पोरांचे बाबा सुतार होते आणि त्यांना मतदानाची भारी हौस. दोन्ही मुलांची लग्नं झाली तसं त्यांनी ठरवलं, या घरात कोणाचा हुकूम नाही, मतं पडतील. लांब खुंटी म्हणजे हो, तुटकी म्हणजे नाही. प्रत्येकाने डब्यात एक टाकायची. मतं सहा: मी, थोरला, थोरली सून, मधला, मधली सून आणि धाकटी. ते स्वतः टाकायचे नाहीत, मोजायचे. मोजून झालं की कारखान्याच्या दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने ठराव लिहायचे, क्रमांक घालून. ते गेल्यावर थोरला लिहू लागला. आज दारावर एकसष्ट ठराव आहेत. दार वरपासून खालपर्यंत भरलंय, शेवटचे लिहायला थोरल्याला मांडी घालून बसावं लागलं.

ठराव नऊ. धाकटीने पुढे शिकावं का? पाच विरुद्ध एक.

ठराव सव्वीस. धाकटीला कामाला उजेड पुरत नाही, कारखान्याला उत्तरेकडे खिडकी काढावी का? पाच विरुद्ध एक.

ठराव चव्वेचाळीस. धाकटी नवऱ्याचं घर सोडून आली आहे, तिला वरची खोली द्यावी का? खाली लिहिलंय, वर जागा नाही. पाच विरुद्ध एक. तेव्हापासून ती कारखान्याच्या मागच्या खोलीत, ओल्या वेताच्या वासात झोपते.

पाच तुटक्या म्हणजे ते चौघं आणि मी. माझी खुंटी कुठल्या बाजूला होती ते कोणी विचारलं नाही, तरी लिहून ठेवते. मला भांडण नको होतं. संध्याकाळचा चहा शांतपणे प्यायचा होता. तो मी तीस वर्षं प्यायले.

५. आता सभागृहाबद्दल. ही मालमत्ता नाही हे मला कळतं. वकिलांनीही दोनदा सांगितलं.

देशाच्या सभागृहातल्या शहाण्णव खुर्च्या माझ्या हातच्या. दर चार-पाच वर्षांनी त्या दुरुस्तीला येत, आणि बसणारा कसा आहे ते मला विणीवरून कळे. झोपणाऱ्याची वीण मागच्या बाजूला सैल होते. सारखा उठून ओरडणाऱ्याची पुढच्या काठावर तुटते.

दोन वर्षांपूर्वी सभागृहाच्या व्यवस्थापकाची चिठ्ठी आली. "सभागृहातील जागा वाढविण्यात येत असून यापुढे त्या प्रमाणशीर राहतील. नमुन्यादाखल चार करून ठेवाव्यात." मी धाकटीकडून दोनदा वाचून घेतली. आयुष्यभर मी जागा म्हणते ती खुर्चीच्या बैठकीला. म्हटलं, माणसं जाड झाली असतील. चार खुर्च्यांच्या जागा सात-सात इंच वाढवल्या आणि प्रमाणशीर दिसावं म्हणून पाठीही तेवढ्याच रुंद केल्या.

व्यवस्थापक बघायला आला. सोबत निवडणूक कचेरीतली एक मुलगी होती, मतं मोजणारी.

"आजी, हे काय? हिच्यात दोघं बसतील!"

"तुम्हीच लिहिलंत, जागा वाढवा."

"अहो, जागा म्हणजे खुर्च्या! शहाण्णवच्या एकशे साठ!"

"मग खुर्च्या लिहायचं. कागद महाग झालाय का?"

तो हसता हसता एका रुंद खुर्चीत बसला आणि शेजारी मोजणीवालीही बसली. खरंच दोघं मावली.

मी विचारलं, "आणि प्रमाणशीर म्हणजे काय मग?"

मोजणीवालीने जमिनीवरचे वेताचे तुकडे उचलले, दहा मोजले, आणि माझ्या खाटेवर मांडले. "ही दहा माणसं, आजी. चौघं म्हणतात एक, तिघं म्हणतात दुसरं, दोघं तिसरं, एक जण चौथं. आजवर काय व्हायचं, ज्याच्याकडे चार त्याला खुर्ची."

"आणि बाकीचे सहा?"

"बाहेर उभे."

"किती वेळ?"

"पुढच्या निवडणुकीपर्यंत. तेव्हाही बहुधा बाहेरच. आता दहा जागा असतील तर चार, तीन, दोन, एक. एकट्यालाही एक."

"एकट्याला कशाला? तो तर हरला ना?"

"हरला, आजी. पण आहे ना तो."

धाकटी टबापाशी वेत भिजवत होती. तिने मान वर केली नाही. पण टबातलं पाणी थांबलं. मी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, म्हणजे लिहिलेली बाजू भिंतीकडे होती, तरी मला सगळी अक्षरं दिसत होती.

६. त्यानंतर धाकटीने आणि मी चौसष्ट खुर्च्या विणल्या. हॉल तेवढाच, म्हणून सगळ्याच खुर्च्यांचे हात काढावे लागले. जुने सभासद चिडले, कोपर कुठे टेकायचं म्हणून. शेजाऱ्यावर टेका, मी सांगून पाठवलं.

माझी नजर खरी अधू झाली ती या कामात. म्हणून तेव्हापासून मला जे दिसतं त्यातलं डोळ्यांनी किती आणि मिटल्या डोळ्यांनी किती, ते मी सांगू शकत नाही. दुपारी जेवून पडलं की मी त्या हॉलमध्ये असते. कोणी नसतं. उंच खिडक्यांतून ऊन येतं, विणीच्या भोकांतून खाली गळतं, आणि खुर्च्यांखाली जमिनीवर ठिपकेच ठिपके पडतात, चालायला गेलं तर पाय भिजतील असे. नवा वेत वाळताना आवळत जातो आणि आवाज करतो. टक्. मग लांब कोपऱ्यात टक्. एकशे साठ खुर्च्या अशा एकमेकींशी बोलत असतात आणि एकही दुसरीला मध्ये तोडत नाही.

मग त्या उठतात. चार पायांनी जिना उतरतात, रस्त्याने येतात, गाड्या त्यांच्यासाठी थांबतात. आमच्या दारापाशी येऊन उभ्या राहतात, आणि पुढची विचारते, "जागा आहे का?" मी म्हणायला जाते, आहे. पण तोंडात खुंटी असते. काम करताना आम्ही खुंट्या ओठांत धरतो, तशी. आणि ती तुटकी असते.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. वकील म्हणाले कारण लिहा, म्हणून कारण लिहिलं.

७. कारखाना आणि मागची खोली. ही जागा माझ्या नावावर आहे. ती मी तिन्ही मुलांना एकत्र देते. धाकटीला एकटीला दिली असती तर दोघं म्हणाले असते, आईने लाड केले. मी लाड कोणाचेच केले नाहीत, तिचे तर नाहीतच. फक्त हिशेबात चूक झाली होती, ती दुरुस्त करते.

एकसष्ट ठराव, मतं सहा. प्रत्येकाच्या वाट्याला दहा येतात. चौघांचे चाळीस झाले असते, त्यांनी त्याहून कितीतरी जास्त घेतले. माझे दहा मी चहात घालवले. धाकटीला एकसष्टांपैकी एकही मिळाला नाही. म्हणून तिचे दहा ठराव मी तिला देते. ती कारखान्याबद्दल किंवा घराबद्दल जे दहा निर्णय सांगेल ते मतदान न घेता पाळायचे. खिडकी म्हणाली तर खिडकी. वरची खोली म्हणाली तर ज्याचा पसारा त्या खोलीत आहे त्याने तो उचलायचा. काहीच सांगितलं नाही तर तिच्या मनात येईपर्यंत ते तिच्याकडेच राहतील, त्यांना मुदत नाही.

वकील म्हणाले, "आजी, ठराव वारशाने देता येत नाहीत."

"जागा देता येते ना?"

"येते."

"मग जागेला बांधा ते."

त्यांनी चष्मा पुसला आणि बांधले. कायद्याच्या भाषेत ते असं: जो वारस यातला निर्णय मानणार नाही, त्याचा कारखान्यातला हिस्सा धाकटीकडे जाईल.

८. घरची सभा मी मोठी करते. थोरल्याचा मुलगा आणि मधल्याची मुलगी दोघंही सज्ञान आहेत. "आम्हाला खुंटी का नाही?" असं नातीने विचारलं होतं तेव्हा डब्यात जागा नाही असं मीच सांगितलं होतं. डब्यात पुष्कळ जागा आहे. माझ्यामागे मतं सात. धाकटीचे दहा संपले की पुढे दर सात ठरावांत प्रत्येकाचा एक, बिनविरोध. नातीने मोजायचं. थोरल्याने पेन्सिल तिला द्यायची.

९. दार. ते विकायचं नाही, रंगवायचं नाही. भरलंय म्हणून दुसरं दार आणायचं असेल तर हे भिंतीला टेकवून ठेवायचं, लिहिलेली बाजू बाहेर.

१०. चार रुंद खुर्च्या. एक थोरल्या जोडप्याला, एक मधल्या जोडप्याला, त्यांनी जवळ बसून बघावं. एक मोजणीवालीला द्यायची होती, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे. ती खुर्ची तिने कालच टेम्पोत घालून नेली, तेव्हा ती इथे येत नाही. चौथी माझ्या खाटेशेजारी आहे. धाकटी संध्याकाळी तिच्यावर एका कडेला बसते. दुसरी कडा मोकळी ठेवते. मी एकदा विचारलं, "पसरून का बसत नाहीस?" म्हणाली, "तू येशील म्हणून." मी गेले नाही, गुडघे. ती धाकटीला.

११. उरलेला एक. साठ वाटले, एकसष्टावा उरतो. मोजणीवाली म्हणाली, उरलेली जागा ज्याचा उरलेला तुकडा सगळ्यात मोठा त्याला जाते, आणि तुकडे सारखे असतील तर चिठ्ठ्या टाकतात. आमचे तुकडे सारखे निघाले. मी साक्षीदारांसमोर सहा चिठ्ठ्या केल्या, डब्यात हलवल्या, डोळे मिटून एक काढली. धाकटीचं नाव निघालं. सहाही चिठ्ठ्यांवर तेच होतं. साक्षीदारांनी ते पाहिलं आणि त्यांच्यातल्या, समोरच्या दुकानातल्या चावीवाल्याने खोकून दाखवलं. आता दारावर लिहून घ्या, मीही एकदा तिच्या बाजूने मत टाकलं.

हे मृत्युपत्र मी वाचून घेतलं, समजून घेतलं आणि सही केली.

सही: वेतवाली (कागदोपत्री नाव वकिलांनी पाठीमागे घातलं आहे)

साक्षीदार पहिला: समोरच्या दुकानातला चावीवाला. याने थोरल्याला कारखान्याच्या दुसऱ्या चाव्या करून दिल्या नाहीत, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

साक्षीदार दुसरी: निवडणूक कचेरीतली मोजणीवाली.

ठिकाण: कारखाना, खाटेवर, दाराच्या समोर.

तारीख: एकशे साठ जागांचं सभागृह पहिल्यांदा भरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी.

सहीखाली लिहिलेलं चालतं असं वकील म्हणाले, म्हणून लिहिते. हा कागद वाचून झाला की थोरला दारापाशी मांडी घालून बसेल आणि बासष्टावा ठराव मांडेल: कारखाना विकावा का. त्याने डबा फिरवायचा नाही. धाकटीचा तो उरलेला एक इथे खर्च करायचा. ती विका म्हणाली तरी चालेल, माझं काही म्हणणं नाही, मी त्या वेळी जागी नसेन. पण तिला एकदम बोलायची सवय नाही, तेव्हा घाई करायची नाही, तिच्या वतीने बोलायचं नाही, तिच्याकडे बघत बसायचंही नाही. खुर्च्या वाळेपर्यंत थांबायचं. उत्तर धाकटीने द्यायचं.