सुमे, काल तुझ्या नावानं पळाले

प्रिय सुमे,

आज पोटऱ्या इतक्या भरून आल्यात की जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. तू अठराव्या वर्षापासून अशीच उतरायचीस आणि मी खालून ओरडायचे, "चल की लवकर, बस जाईल." तुला जाऊन नऊ महिने झाले. इतक्या दिवसांत तुला लिहायचा धीर झाला नाही, पण काल जे कळलं त्यानंतर न लिहिता राहवेना.

काल धाराशिवला पाच किलोमीटरची दौड होती. तुझ्यासारखा स्नायूंचा दुर्मिळ आजार असलेल्या मुलांच्या आईबापांनी भरवलेली, संशोधनाला मदत म्हणून. सगळ्यांची नावं सईनं घातली. तुझी भाची आता तेरा वर्षांची आहे आणि घरात तिचंच चालतं. तिचे बाबा आले, भूमहून माझे सासरे अण्णासुद्धा आले. सत्तरी उलटलेले अण्णा, पांढरा पायजमा आणि त्याखाली सईनं आणलेले निळे बूट! तू असतीस तर हसून हसून खुर्चीतून पडली असतीस.

छातीवर लावायच्या कागदावर एक ओळ रिकामी होती. कुणासाठी धावताय? सईनं चौघांच्याही कागदावर 'सुमन मावशी' लिहिलं. अण्णांची कसली मावशी, असं मी म्हटलं तर मलाच गप्प केलं. मग तिचं पेन थांबलं. "आई, मावशीला लहानपणी चुकीचं इंजेक्शन बसलं होतं ना? मग आपण या आजारासाठी का पळतोय?"

काय सांगणार होते? ती थाप माझीच होती. "पळून झाल्यावर सांगते," म्हणाले आणि पळत सुटले. पहिल्याच चढाला धाप लागली, तरी थांबवेना.

भूमची मंडळी मला बघायला आपल्या घरी मुरुमला आली होती तो दिवस आठवतो ना तुला? आई म्हणत होती, "असू दे की गं. घरातलीच लेक हाय, काय चोरून आणलीय का?" हट्ट मी धरला. रक्तातला आजार म्हटल्यावर मला कोण करून घेणार? सकाळीच तुला उचलून शेजारच्या काशीकाकूंच्या ओसरीवर खुर्चीत बसवलं. तू म्हणालीस, "जा गं ताई, साडी चुरगळंल."

इकडं पोहे झाले, चहा झाला, बोलणी लांबली. तुला मध्ये लघवीला न्यायला हवं हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. दुपारी चारला आले तेव्हा तू मान खाली घालून बसली होतीस. ओसरी मी धुतली, तुझे कपडे बदलले. माफी मात्र मागितली नाही. का नाही मागितली मी?

लग्नानंतर ती इंजेक्शनची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की मलाच खरी वाटायला लागली. तुला भूमला एकदाही नेलं नाही. एसटी तुला झेपायची नाही, म्हणायचे. सोलापूरच्या दवाखान्यात तू एसटीनंच जायचीस की!

आणि ते रक्त. सई दीड वर्षाची असताना तुझा फोन आला. "ताई, डॉक्टर म्हणत्यात, सख्ख्या बहिणीचं रक्त मिळालं तर ह्या आजाराचं मूळ हुडकाय सोपं जाईल. माझ्यासाठी न्हाय गं, म्होरच्या पोरांसाठी."

मी म्हणाले, "सासरी काय सांगू?"

"राहू दे मग," म्हणालीस आणि सईला दात किती आले ते विचारलंस. तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस. एक लहानशी बाटली रक्त मागितलंस ते दिलं नाही, आणि काल पाच किलोमीटर घाम गाळून मी तुझ्यावर उपकार करायला निघाले होते.

दौड संपल्यावर मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून मी तिघांना सगळं सांगून टाकलं. सईकडं बघवत नव्हतं. तिचे बाबा हातातलं केळं न सोलता तसेच बसून राहिले. अण्णा बुटाच्या नाड्या सोडत होते. वर न बघता म्हणाले, "मला ठावं हाय."

"कसं काय?" मी विचारलं.

"बघाय आलो त्याच दिवशी कळलं. चहा झाल्यावर पान थुकाय भाईर आलो, तवा ही पोरगी ओसरीवर बसलेली. म्या इचारलं, कुणाची गं तू? म्हणली, नवरीची भन हाय. पाय कमजोर हायेत, रक्तातलं हाय म्हणत्यात. पर ताई लई गुणाची हाय, माझ्यापायी तिला न्हाय म्हणू नगा. आन् मी सांगितलं हे तिला कळू दिऊ नगा."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"पोरीला शबुद दिलता. वाट बघत हुतो, तू कवातरी तिला घरी घिऊन येशील म्हणून. तू आणलीच न्हाईस. मग वाटलं, हिला आमचं भ्या न्हाय, भनीची लाज वाटती."

सुमे, अण्णा खरं बोलले. सासरचं निमित्त होतं, लाज माझी होती.

पण तू गं? अण्णांना सगळं माहीत आहे हे तुला ठाऊक होतं, तरी माझ्या थापा ऐकून घेत राहिलीस? "सासरी काय सांगू" म्हटलं तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. मला उघडं पाडायचं नव्हतं, म्हणून तू स्वतःचं मागणं मागं घेतलंस. त्यापेक्षा भांडली का नाहीस माझ्याशी?

आज तुझ्या दवाखान्यात फोन करून विचारलं. तुझे कागद आणि तुझ्या रक्ताचा नमुना अजून तिथं आहे. गुरुवारी माझं रक्त द्यायला आम्ही सोलापूरला जातोय, सई आणि तिचे बाबाही येणार आहेत. तिथं दहा माणसांत मला विचारतील, पेशंट तुमची कोण? तेव्हा आवाज खाली न करता सांगेन, माझी सख्खी बहीण. एवढा शब्द देते.

तुझीच,
ताई