तीन ते पाचच्या नोंदी

प्रिय चिंगी,

तुझा लेख पोचला. चाळिशी ओलांडलेल्या शास्त्रज्ञ बाईला चिंगी म्हणू नये हे कळतं, पण दुसरं काही हाताला वळत नाही. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या : तुमच्या नोंदवह्या वापरल्या आहेत, नव्या पूररेषेच्या बैठकीत पुढच्या महिन्यात हा आलेख मांडणार आहे. 'बाबा' हा शब्द कुठे नव्हता. पाकिटावरचा पत्ता मात्र तू हाताने लिहिला होतास. तो मी बराच वेळ बघत बसलो.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, तेवढंच. वरच्या आळीतली ही एक खोली मला पुरून उरते. अजूनही सकाळी आठला पाय आपोआप नदीकडे वळतात. जिथे बसून मी पाणी मोजायचो, त्या चौकीला आता कुलूप असतं. खांबावर एक यंत्र बसवलंय, ते पाण्याची पातळी मोजतं आणि परस्पर कचेरीत कळवतं. मी जुन्या मोजपट्टीवरचा आकडा वाचतो, मनात म्हणतो आणि परत येतो. सांगायचं कुणाला? काल चहावाल्याला म्हटलं, "आज दोन मीटर दहा." तो म्हणाला, "साखर कमी ना, काका?"

लेख तीनदा वाचला. पहिल्यांदा नुसतं तुझं नाव वाचलं म्हण. दुसऱ्यांदा अर्थ लागायला लागला. हजारो मैलांवरचा समुद्र काही वर्षं नेहमीपेक्षा गरम राहतो, काही वर्षं गार, आणि या ये-जेखाली आणखी एक संथ फेरा चालू असतो, वीस-पंचवीस वर्षांचा. तो फेरा एकीकडे असला की वारे वाट बदलतात आणि ढग आपले डोंगर टाळून जातात. दुसरीकडे झुकला की वर्षामागून वर्षं आपल्याच माथ्यावर रिते होतात. म्हणून नदीचे मोठे पूर सुटेसुटे येत नाहीत, घोळक्याने येतात. मध्ये शांत वर्षांची लांबच लांब रांग असते. एवढं समजल्यावर मी चष्मा काढून ठेवला. कारण त्या शांत रांगेच्या सुरुवातीलाच मी नोकरीला लागलो होतो.

बावीस वर्षांचा होतो. अठरा वर्षं रोज पातळी लिहिली आणि सहा मीटर तीसच्या वर पाणी कधी गेलं नाही. गावात म्हणायचे, नदी म्हातारी झाली. कचेरीने माझ्याच आकड्यांवरून पूररेषा आखली आणि खालच्या आळीत घरं उठली. माझ्या आधीच्या निरीक्षकाची वही कपाटात होती. तिच्यात एका वर्षी नऊ मीटर पाच लिहिलेलं. तो बुवा पिणारा होता, त्यामुळे आम्ही हसायचो की पाणी नव्हे, पेला चढला असेल. आज तुझ्या आलेखात त्याचा ठिपका अगदी जिथे असायला हवा तिथे बसलाय. तो शुद्धीवर होता. बेसावध मी होतो.

खालच्या आळीत घर बांधताना तुझ्या आईने विचारलं होतं, "पाणी इथवर येणार नाही ना हो?" मी म्हणालो, "अगं, रोज कोण बघतं नदीकडे? तू की मी?" ती हसली आणि खिडकीखाली जाईचा वेल लावायला गेली. तिचा माझ्यावर विश्वास होता असं नाही, माझ्या वहीवर होता.

नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी ते पाणी आलं. तू वरच्या आळीतल्या शाळेत होतीस, म्हणून वाचलीस. त्यानंतर तू मावशीकडे राहिलीस. वर्षभराने एकदा चौकीवर आलीस, न विचारता वही उघडलीस आणि त्या दिवसाच्या पानावरून बोट फिरवलंस. दर तासाची नोंद होती, एकही चुकलेली नाही. तू म्हणालीस, "आई बुडत होती तेव्हा तुम्ही आकडे लिहीत होतात." मी वही मिटून कपाटात ठेवली. मग तू शिकायला लांब गेलीस, त्याहून लांब नोकरीला गेलीस. तू फोनवर माझी तब्येत विचारायचीस, मी हवा सांगायचो. सव्वीस वर्षं आपण एवढ्यावर काढली. पुढच्या बारा वर्षांत आणखी तीनदा मोठं पाणी आलं. दर वेळी मी चौकीवर एकटा असायचो आणि वाटायचं, निदान आता घरी कुणी नाही.

तिसऱ्यांदा वाचताना मी फक्त शेवटचा आलेख पाहिला. त्या दिवसाचं सर्वांत उंच पाणी तू नऊ मीटर सत्तर धरलं आहेस आणि नवी रेषा दहा मीटरवर सुचवली आहेस. त्या रेषेच्या वर लोक निर्धास्तपणे घरं बांधतील. कुणीतरी बाई विचारेल आणि तिचा नवरा तुझ्या आलेखाकडे बोट दाखवेल. चिंगे, तसं होऊ देऊ नकोस. दुपारी तीन, चार आणि पाचच्या नोंदी खोट्या आहेत. अडीचला चौकी सोडून मी घराकडे धावलो होतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी छातीला लागलं आणि कोपऱ्यावरच्या पाववाल्याने मला मागून कव घालून धरून ठेवलं. आई खिडकीत उभी होती, तीस पावलांवर. तिने मला पाहिलं. हाताने खूण केली, मागे फिरा. मग भिंत गेली. सहाला परत आलो तेव्हा पाणी उतरत होतं. जागा सोडली हे कळलं तर नोकरी जाईल आणि तुझं शिक्षण थांबेल, म्हणून तीन आकडे अंदाजाने भरले आणि चौकीच्या भिंतीवरची गाळाची खूण धुऊन टाकली. तुला सांगता आलं असतं, पण मी गेलो नाही म्हणून ती गेली हा तुझा राग मला सोसत होता. मी जाऊनही ती गेली, हे तोंडातून निघत नव्हतं. परवा पलीकडच्या पंपघरावर जाऊन आलो. तिथली त्या दिवसाची खूण, नंतरच्या पुरांच्याही वरची, कुणी धुतलेली नाही. टेप लावून दोनदा मोजली, मोजपट्टीच्या हिशेबाने अकरा मीटर वीस होतात. बैठकीच्या आधी आलेख बदल. माझे तीन आकडे खोड, आणि कारणाच्या रकान्यात खरं ते लिही : निरीक्षक जागेवर नव्हता.

तुझाच,
बाबा