हवेच्या डब्यातलं फडकं

आबा,

मागच्या आठवड्यात माझ्या गाडीचा पिवळा दिवा लागला आणि तुमची आठवण आली. मायेने आली असं लिहिणार नाही; रोजनिशीत खोटं लिहायचं नाही एवढा एक नियम मी अजून पाळते. आताच्या गाड्यांना धुराच्या नळीत एक सेन्सर असतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो ओळखतो आणि पेट्रोल जास्त जातंय की हवा, ते इंजिनाला कळवतो. माझ्या गाडीचा सेन्सर पेट्रोल जास्त जातंय म्हणून सांगत होता. साताऱ्यातल्या गॅरेजवाल्याने तो खराब झाला म्हणून काढला आणि नवा बसवला. नवाही तेच सांगू लागला, तेव्हा तोही काढला. शेवटी कंटाळून बाकीचं उघडून पाहिलं, तर पेट्रोल सोडणारा एक भाग खरोखरच गळत होता. गॅरेजवाला हसून म्हणाला, "मॅडम, ते बिचारं खरं बोलत होतं, आपणच त्याला खोटं पाडलं." मला हसू आलं नाही. मला मिरजेचे मिस्त्री आठवले.

मी सांगलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही फौजेतून निवृत्त होऊन सेकंडहँड गाडी घेतली होती आणि शिराळ्याहून मिरजेच्या दवाखान्यांत पेशंट पोचवत होता. सोमवारी पहाटे त्याच गाडीत, कुणाच्या तरी कण्हणाऱ्या सासूच्या बाजूला अंग चोरून बसून, मी निघायची; आधी पेशंट मिरजेला उतरायचा, मग परतताना तुम्ही मला सांगलीच्या हॉस्टेलला सोडायचा. घराला लागूनच काकांचं गुऱ्हाळ. हंगाम सुरू झाला की अंगणभर चिपाडं वाळत पडायची, वाऱ्याबरोबर त्यांचा भुसा उडायचा आणि काहिलीच्या वाफेने दाराच्या कड्यासुद्धा चिकट व्हायच्या. गाडी त्यातच उभी असायची. भुसा इंजिनात जाईल म्हणून तुम्ही इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या डब्याचं, एअर क्लीनरचं, झाकण काढलंत, आत एक फडकं दुपदरी ताणून बांधलंत आणि झाकण परत लावलंत. "राजस्थानात वाळूत आमी असंच करायचो," तुम्ही काकांना सांगत होता. राजस्थानात गूळ शिजत नाही, हे तुमच्या मनात आलं नाही. अनुभवाचा तुम्हाला केवढा अभिमान होता! कुठे काय केलं ते तुम्हाला पाठ होतं. का केलं हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंच नाही. वाफेने आणि भुशाने ते फडकं थोड्याच दिवसांत वाळल्या पापडासारखं कडक झालं असणार. इंजिन गुदमरलं. इस्लामपूर सोडलं की मागे काळा धूर, चढ आला की दम संपला.

मिरजेचे मिस्त्री तुमच्यापेक्षा लहान होते, बोलायला तिखट, आणि स्वतःच्या हातावर फार खूश. "खां साहेबाच्या सतारीला कान लागतो तसा इंजिनाला लागतो, हवालदार," असं म्हणायचे आणि गाडी यायच्या आधीच चहा सांगायचे. हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर तपासायला काढायचा तर आधी एअर क्लीनरचा डबा काढावा लागतो. तो मात्र तुम्ही त्यांना कधी काढू दिला नाही. स्वतःच्या हाताने काढायचा, मागच्या सीटवर ठेवायचा, काम झालं की स्वतःच बसवायचा. त्यामुळे व्हायचं असं की गॅरेजात, डब्याशिवाय, गाडी लोण्यासारखी चालायची, आणि डबा लावून तुम्ही आष्ट्यापर्यंत आलात की पुन्हा काळा धूर. शनिवारी तुमच्याबरोबर घरी येताना तीनदा हे मी स्वतः पाहिलं आहे. तिसऱ्यांदा मिस्त्री सरळ म्हणाले, "आवं, ते डबडं ऱ्हाऊ द्या हितंच. बिगर डबड्याची येक खेप मारा, मग काय ते बोला."

"धूळ घालून इंजिन खायचंय व्हय तुला?"

"धूळ खाऊन येका दिसात कुनी मरत न्हाई. आत काय हाय ते बघू तरी."

"तिथं काय न्हाई. ते मी बांधलंय."

मी मागून म्हणाले, "आबा, हवा कमी पडत असेल. हवा कमी पडली की काजळी धरते." मला खात्री नव्हती, बर्नरची ज्योत नुकतीच शिकले होते, तेवढ्यावर बोलले. तुम्ही वळून बघितलंसुद्धा नाही. "पुस्तकातली हवा गाडीत भरत न्हाईत," म्हणालात. मिस्त्री हसले, पण माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. ते तुम्ही पाहिलंत, आणि तिथेच ते तुमच्या मनातून उतरले असं मला वाटतं. मुलीशी एकमत होणारा मिस्त्री तुम्हाला नको होता.

त्यानंतर जे केलंत ते मी माफ केलेलं नाही. पेट्रोलपंपावर, टॅक्सीवाले रांगेत उभे असताना, तुम्ही म्हणालात की मिरजेच्या त्या पोराने तुमचा चांगला कार्ब्युरेटर काढून घेतला आणि भंगारातला बसवला. "माझ्यासमोर गाडी चालते, पाठ फिरली की बंद पडते. हे काम चोराचंच." एकाने विचारलं, "बघितलं का हवालदार?" तुम्ही म्हणालात, "फौजीला बघावं लागत न्हाई." हे वाक्य तुम्हाला फार भारी वाटलं असेल. मला ते आजही ऐकू येतं आणि आजही तितकंच ओंगळ वाटतं. तुमच्या शब्दाला वजन होतं; शिराळ्याचे, इस्लामपूरचे गाडीवाले तुम्हाला मानायचे. एकेकाने मिस्त्रींकडे गाडी न्यायची बंद केली. पुढच्या महिन्यात मी मैत्रिणीबरोबर मिरजेला गेले, तर गॅरेजात एक ट्रॅक्टर होता आणि मिस्त्री स्टुलावर बसून पान्हे पुसत होते. "काय म्हनतो तुझा बाप?" एवढंच त्यांनी विचारलं.

तुम्ही कोल्हापूरहून नवा कार्ब्युरेटर आणलात. अंगणात बसवलात, डबा लावलात, गाडी चालू केली, आणि गुऱ्हाळावरच्या सगळ्या माणसांसमोर तिने काळा धूर सोडला. तेव्हा, दुसरं काही उरलंच नाही म्हणून, तुम्ही झाकण उघडलंत. आई चहा घेऊन बाहेर आली होती. चक्का टांगायचं तिचं पांढरं फडकं दसऱ्यापासून सापडत नव्हतं आणि त्यापायी ती काकूशी दोन दिवस बोलली नव्हती.

"आवं!" आई ओरडली. "ह्ये माझं फडकं! आनि तुमी ह्येच्यात घातलंय?"

"आत जा."

"आत काय जा? तिच्याशी भांडले की मी!"

काहिलीवर गूळ शिजवणारा गुळव्या तोंडावर हात धरून हसला. तुम्ही फडकं ओढून काढलंत. ते मडक्याच्या खापरीसारखं एका तुकड्यात निघालं. चालत जाऊन चुलवाणात टाकलंत आणि परत येऊन गाडी चालू केलीत. धूर नाही. चार लोक जमले होते त्यांना म्हणालात, "बघा. कार्ब्युरेटर बदलला की झालं." आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. गुळव्याने काहिलीत फावडं घातलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुम्हाला सांगितलं, की मिरजेला जाऊन सांगा, पंपावर सांगा, दोन वाक्यांचं काम आहे. तुम्ही भाकरी मोडत होता. "माझ्या गाडीचं मी बघतो. तू तुझ्या कॉलेजचं बघ." आई चुलीपुढून म्हणाली, "जातील गं. मन झालं की जातील." मी तिच्यावरही चिडले. त्या सोमवारी मिरजेत तुम्ही गॅरेजाच्या रस्त्याने न जाता स्टेशनला वळसा घालून गेलात. पेशंटच्या मुलाने विचारलं, "हिकडनं कशाला?" तुम्ही म्हणालात, "तिकडं गर्दी असती." सकाळचे सात वाजले होते. रस्त्यावर एक कुत्रं होतं. पुढची सगळी वर्षं मी गाडीत असताना तुम्ही त्याच वळशाने गेलात. दोन वाक्यं वाचवण्यासाठी माणूस किती पेट्रोल जाळू शकतो हे मी तुमच्याकडून शिकले. मिस्त्रींना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं होतं, फडक्यासकट. ते पोट धरून हसले, मग म्हणाले, "तू सांगून काय उपेग? ज्यानं तोंड उघडलं हुतं त्यानं सांगाय पायजे." मग ते पुन्हा ट्रॅक्टरकडे वळले.

मग हळूहळू त्यांच्याकडे गाड्या परत येऊ लागल्या. कशामुळे, ते मला माहीत नाही. लोक विसरतात, असं मी धरून चालले.

तुमच्या तेराव्याला मिस्त्री आले होते. न बोलावता, पांढरी टोपी घालून, मांडवाच्या कडेला जेवायला बसले. मी वाढत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लय ताठ मानूस. येकदाच मान खाली घातल्याली बघितली म्या."

कधी, हे मी विचारायला हवं होतं. कुठे? आबा किती शब्द बोलले? माझ्या हातात भाताचं पातेलं होतं आणि मागे पंगत खोळंबली होती, पण कारण ते नव्हतं. मी म्हणाले, "आणखी भात घ्या," आणि पुढे गेले.

आज हे सगळं लिहून काढताना तुम्हाला दोष देणारं प्रत्येक वाक्य मी दोनदा तपासलं. पंपावरचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, फडकं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुम्ही मिस्त्रींकडे कधीच गेला नाहीत, हे मात्र मी पाहिलेलं नाही. मी नसताना तुम्ही कुठल्या रस्त्याने जात होता ते मला ठाऊक नाही. मिस्त्री अजून आहेत. गॅरेज मुलगा चालवतो, ते बाहेर खुर्ची टाकून बसलेले असतात असं ऐकते. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. तरी मिरजेला काम निघालं की मी अजून स्टेशनला वळसा घालून जाते, आणि गाडीत कुणी विचारलं, तर तिकडे गर्दी असते म्हणून सांगते.